इंद्रायणीत कुणाचे कागद बुडाले?

आमच्या गावच्या पारायणाचा पाचवा दिवस होता. रात्रीचं कीर्तन रंगात आलेलं. महाराज बाहेरगावचे, गळा गोड, पखवाजवाला तयारीचा. विषय होता धन. बंगला इथंच राहणार, गाडी इथंच राहणार, सातबारा इथंच राहणार, मग माणसा कशासाठी मरतोस, असं महाराजांनी विचारलं आणि मांडव हलला. पुढं माळकऱ्यांची रांग, तिच्यामागं बायका. त्या बायकांतली एक, आमच्याच गल्लीतली, मोबाईल बघून वाकून उठली आणि चपला शोधत बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, म्हणजे फायनान्सच्या हप्त्याचा वार, हे मला नंतर सुचलं. मी घरी पोचलो तेव्हा ती आमच्या सोप्यात बसून माझ्या बायकोशी बोलत होती.

"उद्या सकाळी सेंटर हाय, काकू. हजारभर असतील तर बघा की. शनवारी आणून देतो."

बायकोनं डब्यातून काढून दिले. ती गेली. लांबून लाऊडस्पीकरवर अजून ऐकू येत होतं की हे सगळं मिथ्या आहे. मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि कारण लाऊडस्पीकर नव्हतं.

जीवनाचा अर्थ धनात शोधू नका, देवात शोधा, या वाक्याशी माझं भांडण नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ आहे आणि मी स्वतः एकादशी धरतो. 'अर्थ' या एकाच शब्दात पैसाही आहे आणि मतलबही, हा कीर्तनातला ठरलेला विनोद. मीही त्याला दरवर्षी हसतो. पण हे वाक्य आपण सांगतो कोणाला? पत्र बरोबर आहे, पत्ता चुकतोय. हे धनकोला, म्हणजे कर्ज देणाऱ्याला पाठवायचं पत्र आहे आणि गेली कित्येक वर्षं आपण ते ऋणकोच्या, म्हणजे घेणाऱ्याच्या दारात टाकतो आहोत.

मी बत्तीस वर्षं एका सहकारी पतसंस्थेत नोकरी केली, त्यातली शेवटची बरीच वर्षं कर्ज विभागात. कर्जाच्या अर्जावर एक रकाना असतो, 'कर्जाचे कारण'. तिथं लोक खरं लिहीत नाहीत आणि आम्हीही खोदून विचारत नाही. लग्न असेल तर 'शेतीसुधारणा', दवाखाना असेल तर 'म्हैस खरेदी'. एखाद्या गावातून लागोपाठ पंधरा-वीस अर्ज 'घरदुरुस्ती'चे आले, की मला वर्तमानपत्र न उघडता कळायचं: त्या गावात महालक्ष्मी गदगेवर, म्हणजे यात्रेच्या चौथऱ्यावर, बसणार आहे. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या वाचकांना हे फोड करून सांगायला नको. पलीकडच्यांसाठी एवढंच, की आमच्याकडे गावोगावी महालक्ष्मीची यात्रा ठरावीक वर्षांनी भरते, कुठं पाच, कुठं बारा, कुठं त्याहून लांबच्या खंडानं. इतक्या वर्षांची हौस आठ-दहा दिवसांत फेडायची असते.

आता त्या पत्त्याविषयी.

तुकोबांच्या घरी महाजनकी होती. किराणा, शेती आणि सावकारी. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात घर उद्ध्वस्त झालं. पहिली बायको अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलंय. त्यानंतर जे घडलं ते महिपतीबुवांच्या चरित्रामुळे घरोघरी माहीत आहे. वडिलांच्या वेळेपासूनची कर्जखतं घरात होती. तुकोबांनी त्यांचे दोन वाटे केले. एक धाकट्या भावाला, कान्होबाला दिला, आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले.

ही गोष्ट आपण इतक्या वेळा ऐकली आहे की ऐकायचं राहून गेलंय. हा कागद काय होता? तुकोबांनी कोणाचं देणं लागतो म्हणून लिहून दिलेला नव्हता. दुसऱ्यांनी त्यांना लिहून दिलेला होता. म्हणजे त्या दिवशी नदीत जे बुडालं ते तुकोबांचं येणं, आणि मोकळा झाला तो देहू पंचक्रोशीतला कुणबी. एक माणूस देवाकडे वळला याची पहिली खबर दुसऱ्याच घरात पोचली, आणि तीही अशा घरात जिथं आदल्या दुष्काळानं चूल थंड केली होती. बत्तीस वर्षं वसुलीच्या नोटिसांवर सह्या केलेल्या माणसाला यातलं हे टोक आधी टोचतं.

दुसरी गोष्ट त्या अर्ध्या वाट्याची. कान्होबाचा हिस्सा त्यांनी बुडवला नाही. भावाला वैराग्य आलं नव्हतं, त्याला संसार करायचा होता, तर त्याचे कागद त्याच्या हातात ठेवले. स्वतःची भक्ती दुसऱ्याच्या खिशातून करायची नाही एवढा साधा व्यवहार. पतसंस्थेत असताना लोक मला विचारत, मास्तर (मी मास्तर कधीच नव्हतो, पण चष्मा आणि पेन असलेला प्रत्येक जण आमच्याकडे मास्तर), इतकी माळ घालता तर आमचं व्याज सोडा की. सोडता येत नव्हतं. तो पैसा माझा नव्हता. एखाद्या निवृत्त शिक्षिकेची ठेव होती, कोणा हमालाची पिग्मी, म्हणजे रोजची बचत होती. निवडणुकीआधी कर्जमाफीची घोषणा होते तेव्हाही मला कान्होबाच आठवतो. दुसऱ्याच्या वाट्याचे कागद नदीत सोडून फोटो काढून घेणं तसं सोपं असतं.

आणि तुकोबा कमाईच्या विरुद्ध नव्हते. 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी' हे त्यांचंच. यात जोडू नका असं कुठं म्हटलंय? चांगल्या व्यवहारानं जोडा, आणि खर्चताना हात चिकटू देऊ नका. महाराजांच्या कीर्तनात त्या रात्री हा अभंग आलाच नाही. कदाचित वेळ पुरला नसेल.

आता नदीच्या या बाजूला या. कन्नड संतकवी पुरंदरदासांची कथा कन्नड घरांत जितकी सांगतात तितकी मराठी घरांत सांगत नाहीत, आणि हे आपलं नुकसान आहे. पूर्वाश्रमीचा श्रीनिवास नायक, गहाणवटीचा धंदा करणारा, 'नवकोटी नारायण' म्हणतात तसला सावकार. एक गरीब ब्राह्मण मुलाच्या मुंजीसाठी मदत मागत येतो. नायक उद्या ये म्हणतो, परवा ये म्हणतो. शेवटी ब्राह्मण मागल्या दारानं त्याच्या बायकोकडे जातो. सरस्वतीबाईजवळ स्वतःचं म्हणावं असं एकच असतं, नाकातली नथ. ती देते. ब्राह्मण ती नथ विकायला नेमका नायकाच्याच दुकानात येतो. नायक ओळखतो, पेटीत कुलूपबंद करतो आणि घरी येऊन बायकोकडे नथ मागतो. ती विषाचा पेला तोंडाला लावणार, तोच पेल्यात नथ. दुकानात येऊन बघतो तर पेटी रिकामी, ब्राह्मण गायब. नायकानं सगळं वाटून टाकलं, व्यासरायांचा शिष्य झाला आणि पदांवर 'पुरंदर विठ्ठल' अशी मुद्रा घालू लागला.

चमत्कार बाजूला ठेवा. गोष्ट घडते कुठं ते बघा: गहाणाच्या दुकानात. तुकोबांची घडते कर्जखतांच्या दप्तरात. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची घडते सरकारी कोठारात. दुष्काळात धान्य लुटवलं आणि बिदरच्या बादशहाकडे त्याचे पैसे विठू महाराच्या रूपात जाऊन विठ्ठलानं भरले, पावतीसुद्धा घेतली. बसवण्णा तर कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बिज्जळ राजाचे भांडारी. आमच्या या पट्ट्यातला देव कीर्द-खतावणीच्या आसपास फार वेळा भेटतो, आणि ज्यांना भेटतो ते पेटीच्या आतल्या बाजूला बसलेले असतात.

पेटीच्या बाहेरच्या बाजूची गोष्ट माझ्या घरची आहे. मी चौथीत होतो. गावची यात्रा. वडिलांना वाटेकरी म्हणून मिळालेलं भात आणि थोडी रताळी, एवढ्यावर घर. यात्रेची पट्टी, म्हणजे वर्गणी भरायची, घर रंगवायचं, लेकी-जावयांना आहेर, पाहुण्यांना दोन दिवस मटणाचं जेवण. आईची बोरमाळ तालुक्याच्या एका पेढीवर गेली. यात्रा झाली, देवी सीमेकडे गेली. बोरमाळ परत आली नाही. पुढची कित्येक वर्षं ओटी भरायला निघताना आई आरशासमोर उभी राहून गळ्याला हात लावायची, सवयीनं, आणि मग हात खाली घ्यायची. सरस्वतीबाईची नथ देवानं परत आणून दिली, कारण ती दानात गेली होती. आईची बोरमाळ इभ्रतीत गेली, आणि तिथून काही परत येत नाही.

मला यात्रेचा राग आहे असं कोणी समजू नये. भंडाऱ्यानं पिवळा झालेला रस्ता, गल्लीगल्लीतून खेचत येणारा रथ, वीस वर्षं माहेराला न आलेली आत्या बसमधून उतरताना, ज्या दोन भावांचं बांधावरून बोलणं बंद आहे ते एकाच दोराला हात लावताना, हे मी पाहिलंय. यात्रेपूर्वी वार पाळतात, ठरलेल्या वारी शेतात कोणी औत घालत नाही. गाव एका तालावर चालायला शिकतं. सुतार, गवंडी, बांगडीवाला, मंडपवाला, सगळ्यांच्या हाताला काम मिळतं. ज्या सुशिक्षितांनी शहरात बसून 'यात्रा बंद करा' असं लिहिलंय त्यांना गावात एकटं पडणं म्हणजे काय ते माहीत नाही. माझी तक्रार एका शब्दापुरती आहे: पट्टी.

पट्टी घरटी असते. समजा पंच कमिटीनं घरटी दहा हजार ठरवले. आठ एकरवाल्यालाही दहा, बिनजमिनीच्या विधवेलाही दहा. समानता म्हणून हे छान दिसतं. प्रत्यक्षात एकाला ती एका दिवसाच्या उसाच्या ट्रॉल्या असते आणि दुसरीला चार महिन्यांचे हप्ते. शिवाय पट्टी ही फक्त दाराची चौकट. खरा खर्च आत असतो. शेजाऱ्यानं घराला तेलरंग दिला की आपण चुना कसा द्यायचा? त्यानं चार बकरी पाडली तर आपण एक कसं? देवीनं यातलं काही मागितलेलं नाही. मागितलंय ते शेजारच्या भिंतीनं. नंतर दीड-दोन वर्षं ते घर मिठाला आणि तेलाला हात आखडतं, आणि एखादी पोरगी दहावीनंतर घरी बसते. हा खर्च कुठल्याही कमिटीच्या हिशेबात लिहिला जात नाही.

पूर्वी हे कर्ज सावकाराचं किंवा सोसायटीचं असायचं. आता दारात येणाऱ्या फायनान्स कंपन्यांचं असतं. दहा बायकांचा ग्रुप, एकमेकींना जामीन, आठवड्याला किंवा पंधरवड्याला सेंटर, म्हणजे हप्ते गोळा करायची बैठक. एकीचा हप्ता चुकला की बाकी नऊ जणी तिच्या दारात. वसुलीला आलेला पोरगा नुसता मोटारसायकलवर बसून राहतो, काम शेजारणी करतात. आमच्या सीमाभागात १९५६ पासून कोणत्या राज्यात असायचं यावर पिढ्या खपल्या, पाट्यांवरच्या अक्षरांवरून डोकी फुटली. या पोराला मात्र सीमाप्रश्न नाही. मराठी गल्लीत तो मराठी बोलतो, कन्नड ओणीत कन्नड. हप्ता दोन्हीकडे सारखाच.

रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये नियम केला. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारणाशिवाय दिलेलं कर्ज ते सूक्ष्म कर्ज, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तरीही वसुलीचा जाच इतका वाढला की फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला अध्यादेश काढावा लागला, मार्चमध्ये त्याचा कायदा झाला. जबरदस्तीनं वसुली केली तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. त्यातलं एक कलम मी दोनदा वाचलं: नोंदणी-परवाना नसलेल्या धनकोनं दुर्बल घटकांतल्या माणसाला दिलेलं कर्ज व्याजासकट फिटलं असं धरलं जाईल. सरकारी भाषेतली इंद्रायणीच म्हणायची. पण कायद्यानं नदीत ढकललेला कागद आणि स्वतःच्या हातानं सोडलेला कागद यांत फरक राहतो. पहिल्यानं ऋणको सुटतो, आणि तेही फार मोठं काम आहे. दुसऱ्यानं धनकोही सुटतो.

निम्म्याच्या त्या नियमावर माझ्या एका जुन्या सहकाऱ्यानं चहा पिताना विचारलं, "कंपनीनं किती घ्यावं याला मर्यादा झाली. देवाच्या नावानं किती घ्यावं याला हाय काय कुठं?" मी हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सौंदत्तीच्या डोंगराकडे बघून तरी आपण तो गंभीरपणे घ्यायला हवा. देवाला सोडायचं म्हणून गरिबाच्या घरातल्या पोरी पिढ्यानपिढ्या यल्लम्माच्या नावानं सोडल्या गेल्या, ते थांबवायला कर्नाटकाला १९८२ चा कायदा करावा लागला. सोडणारे कोण होते आणि सोडलेल्या पोरींकडे जाणारे कोण होते, हे ज्यानं त्यानं आठवावं. 'देवासाठी सोड' ही आज्ञा उतारावरून पाणी जावं तशी कायम खालच्या घरात शिरली आहे.

आता वरच्या घराकडे. बेळगावच्या भोवताली रस्ते, वसाहती आणि कारखान्यांनी जमिनी घेतल्या, घेत आहेत. काहींनी बासमती पिकवणारी जमीन जाऊ नये म्हणून वर्षानुवर्षं आंदोलनं केली. काहींनी विकली आणि हातात एकरकमी पैसा आला. त्या पैशाला वाट हवी असते. सगळ्यात सोपी वाट जीर्णोद्धाराची. जुनं कौलारू देऊळ पाडून सिमेंटचं, त्यावर रंगीत शिखर, आत ग्रॅनाइट, गाभाऱ्याला चांदीची चौकट, आणि चौकटीपेक्षा मोठी संगमरवरी पाटी देणगीदारांची. विटेवर उभा राहणारा देव एरवी कोणाला कशाला खर्चात पाडेल? बसवण्णांनी बाराव्या शतकात आपल्या संगमेश्वराला जे सांगितलं ते साधारण असं, की पैसेवाले तुझ्यासाठी देवळं बांधतील, मी गरीब काय करू. माझे पायच खांब, देहच देऊळ, डोकं म्हणजे सोन्याचा कळस. आणि पुढं: जे उभं आहे ते पडेल, जे चालतं आहे त्याला मरण नाही. भांडाराच्या किल्ल्या कमरेला असलेला माणूस हे म्हणत होता. त्यांच्या शिकवणीतले कायक आणि दासोह हे दोन शब्द आमच्या लिंगायत शेजाऱ्यांच्या घरात रोजच्या वापरात आहेत: घाम गाळून मिळवा, मिळालेलं वाटून खा. मराठी घरातल्या 'जोडोनियां धन'शी हे किती जुळतं ते सांगायला पंडित लागत नाही. तसे पंडित आमच्याकडे झालेही. जमखंडीत जन्मलेल्या गुरुदेव रानड्यांनी मराठी, हिंदी आणि कन्नड संतांना एकाच मापानं मोजण्यात आयुष्य घातलं. खुद्द ज्ञानोबांनीच विठ्ठलाला 'कानडा' आणि 'करनाटकु' म्हणून ठेवलंय, तेव्हा तो वाद सुरू करण्यात अर्थ नाही.

यावर एक सरळ प्रश्न येतो आणि तो विचारणारा माझाच मुलगा आहे. तो म्हणतो, "बाबा, पट्टी ऐपतीप्रमाणे घ्या, कर्जावर लगाम घाला, पोरी शिकवा, एवढं म्हणायचंय तर देव मध्ये कशाला? हे तर नुसतं शहाणपण झालं." बरोबर आहे. शहाणपणावर भागलं असतं तर मीही देवाचं नाव काढलं नसतं.

पण पतसंस्थेच्या टेबलामागं बसून मी एक गोष्ट शेकडो वेळा पाहिली. समोर बसलेल्या माणसाला गणित येत असतं. हप्ता पेलणार नाही हे त्याला माझ्याआधी कळलेलं असतं. मी समजावतो, तो मान डोलावतो, आणि सही करतो. कारण त्याच्या मागं, त्या खोलीत नसलेलं, सगळं गाव उभं असतं. लोक काय म्हणतील. आमच्या भागात सगळ्यात कडक दैवत कुठलं विचाराल तर मी हे सांगेन. याला नवस चालत नाही, याचा उपास सुटत नाही, आणि हे गदग्यावरून कधी उठत नाही. याच्यासमोर शहाणपणाचा पाड लागत नाही. याला हलवायला याच्याहून मोठं कोणीतरी लागतं. तुकोबांना कागद सोडताना गावानं वेडा म्हटलं असणारच. नायकानं दुकान वाटून टाकलं तेव्हा बाजारात काय बोलणं झालं असेल याची कल्पना मला करता येते, मी त्या बाजारातला आहे. त्यांना ते जमलं, कारण एका ठिकाणी त्यांची पत कायमची ठरून गेली होती. मग गावातली पत किती उरली हे बघायची गरज नव्हती. देवात अर्थ सापडणं म्हणजे माझ्या लेखी हेच. माणसाचं मोल जिथं आधीच मोजून झालंय अशी एक जागा मिळणं.

म्हणून दोन्ही बाजूंच्या सोप्या उत्तरांवर माझा विश्वास बसत नाही. 'देव सोडा, पैसा बघा' म्हणणारे त्या सही करणाऱ्या माणसाला लोकांच्या तावडीत एकटं टाकतात. 'पैसा सोडा, देव बघा' म्हणणारे देवालाच लोकांच्या कमिटीवर नेमतात.

विजापूरच्या ज्ञानयोगाश्रमाचे सिद्धेश्वर स्वामी २ जानेवारी २०२३ रोजी गेले. त्यांच्या सदऱ्याला खिसा नव्हता, हे या भागातल्या लहान पोरालाही माहीत होतं. २०१८ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती त्यांनी पत्र लिहून नम्रपणे परत केली. २०१४ मध्येच लिहून ठेवलं होतं, की देहाला अग्नी द्या, रक्षा पाण्यात सोडा, स्मारक बांधू नका. त्यांच्या अंत्यदर्शनाला लाखोंनी माणूस लोटला. परतीच्या वाटेवरल्या किती जणांनी आपल्या देवळाच्या पाटीवरचं नाव खोडून घेतलं, कोण जाणे. खिसा नसलेला साधू आपल्याला आवडतो, पण तो विजापुरात असावा. बाळेकुंद्रीच्या पंत महाराजांबद्दलही हेच. शाळेत शिकवणारे, संसारी, १९०५ मध्ये गेले. त्यांच्या उत्सवाला आम्ही जातो, आणि नोकरी-संसारात राहून हात मोकळा ठेवता येतो ही त्यांच्यातली खरी अडचणीची बाब तिथंच ठेवून परत येतो.

आमच्या गावची यात्रा दोन वर्षांवर आली आहे. मार्चमध्ये देवळात पहिली बैठक झाली. मी तीन गोष्टी मांडल्या. पट्टी जमिनीप्रमाणे आणि नोकरीप्रमाणे लावावी, बिनजमिनीच्या घराकडून नारळ घ्यावा. पाहुण्यांची जेवणं घरोघरी न करता गल्लीवार एक पंगत करावी. आणि पै-पैचा हिशेब देवीच्या समोर मोठ्यानं वाचावा. हिशेबाला सगळे हो म्हणाले, कारण तो यात्रा झाल्यावरचा, त्याला अजून बराच वेळ आहे. पंगतीला बायकांनी लगेच माना डोलावल्या, पुरुषांनी छताकडे पाहिलं. पट्टीवर मात्र एकजण उठला आणि म्हणाला, "गरिबाकडनं घेतलं न्हाई तर त्यास्नी कमीपणा वाटंल, मास्तर. देवीसमोर सगळी सारखी." त्याच्या आवाजात लबाडी नव्हती, हे मला जास्त लागलं. कडेला बसलेली ती सेंटरवाली सूनबाई काही बोलते का म्हणून मी बघितलं. ती काही बोलली नाही. अध्यक्षांनी विषय पुढच्या बैठकीत घेऊ म्हणून सांगितलं आणि लाइटिंगच्या कोटेशनचा विषय काढला.

एवढं सगळं लिहिल्यावर एक सांगायला हवं, नाहीतर ते लपवल्यासारखं होईल. मीही धनको आहे. सहा वर्षांपूर्वी चुलतभावाला त्याच्या मुलाच्या कॉलेजासाठी साठ हजार दिले होते, माझ्या स्वतःच्या निवृत्तीच्या पैशातून. नात्यातला व्यवहार असला तरी सवयीनं कागद करून घेतला, दोन साक्षीदारांसकट. मुलगा शिकला नाही, पुण्याला कुठंतरी गोदामात कामाला आहे. भाऊ रस्त्यात भेटला की वाट बदलतो. गेल्या एकादशीला कपाट आवरताना तो कागद हातात आला. उभ्या उभ्या मी मनात व्याजाचा आकडा काढला, तो बरोबर आहे का ते परत एकदा तपासलं, आणि कागदाची घडी होती तशी घालून पासबुकांच्या खाली ठेवून दिला.